सारामावशीला मी केलेली क्षमा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो काही न कळताच गेला. मुलीला नाही. प्रार्थनेत म्हणाल तर... हो, प्रार्थनेत सांगितलं, पण तेही घाऊक. 'माझे कळत नकळत झालेले अपराध' असं म्हणायचं आणि आमेन म्हणून मोकळं व्हायचं. देवापुढेसुद्धा मी कधी भांड्याचं नाव घेतलं नाही. आता तुम्ही विचाराल, भांड्याचा इथे काय संबंध? आहे. येते मी त्यावर. जरा वळणं घेत येईन, सांभाळून घ्या. सरळ यायची सवय राहिलेली नाही.

मी नागपूरची. माझे बाबा इथल्या एका मराठी मंडळीचे पाळक होते. देवळाच्या आवारातच आमचा बंगला होता — आम्ही जुनी ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. तिथेच वाढले, पुढे शाळेत शिकवलं, मुख्याध्यापिका झाले आणि मुदतीच्या थोडी आधीच निवृत्ती घेतली. आता सत्तावन्न संपून अठ्ठावन्नावं लागलंय. माझा आवाज चांगला आहे. लहानपणापासून सगळे म्हणत आले. ही बढाई नाही — हत्यार कोणतं होतं, ते सांगते आहे.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे बारा ते तीन उपासना चालते. बाहेर नागपूरचं एप्रिलचं ऊन, आत पंखे गरम वारा फिरवत असतात, पण देऊळ भरलेलं असतं. वधस्तंभावर असताना प्रभू सात वेळा बोलला. त्याला आम्ही सात शब्द म्हणतो. मंडळीतले सात जण उभे राहून एकेका शब्दावर बोलतात. पहिला शब्द क्षमेचा. हाता-पायात खिळे ठोकणारी माणसं समोर उभी आहेत, आणि हा आपल्या पित्याला विनवतो, यांना माफ कर, आपण काय करतोय ते यांना कळत नाही. तो पहिला शब्द बावीस वर्षं माझ्याकडे आहे. सुलभाबाईंचा पहिला शब्द ऐकल्याशिवाय शुक्रवार झाल्यासारखा वाटत नाही, असं लोक म्हणतात.

त्या विनंतीचे दोन भाग आहेत. यांना माफ कर, हा पहिला. यांना कळत नाही, हा दुसरा. पहिल्या भागावर मी वीस-वीस मिनिटं बोलले आहे. दुसऱ्या भागावर एकदाही थांबले नाही. दरवर्षी तो घाईने उरकला. कुणाच्या लक्षात आलं असेल का? वाटत नाही. मी फार छान बोलते.

सारामावशीबद्दल आता सांगते.

ती आमच्या देवळाची राखण करायची. मूळची कुहीकडच्या खेड्यातली. नवरा देवळात घंटा वाजवायचा. तो तापानं गेला आणि घंटेची दोरी हिच्या हातात आली. मूलबाळ नव्हतं. देवळाच्या मागच्या एका खोलीत राहायची. झाडलोट, फुलं, घंटा — आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीची, तयारी. मेजावर पांढरं कापड अंथरायचं, काचेचे इवले इवले प्याले धुवायचे, पुसायचे, ट्रेमध्ये मांडायचे, त्यात द्राक्षरस भरायचा. त्या कामात ती कुणाला हात लावू देत नसे. लहानपणी तिनं मला पायावर घेऊन न्हाऊ घातलं होतं, माझी प्रत्येक खोडी तिच्या पदराआड लपलेली होती, पण मेजाशी गेले की डोळे वटारायची. सगळ्या मंडळीनं घेतल्यावर, बाजूच्या खोलीत, उरलेल्यातला एक प्याला ती स्वतः घ्यायची. आणि मग बराच वेळ तशीच उभी राहायची. मी दाराच्या फटीतून बघितलंय.

द्राक्षरस मात्र पाळकाच्या घरून जायचा. आमच्या मंडळीत दारू चालत नाही, काळ्या द्राक्षांचा नाहीतर मनुकांचा रस उकळून, गाळून वापरतात. आई तो इनॅमलच्या पातेल्यात करायची आणि निवला की चिनी मातीच्या बरणीत ओतून ठेवायची. पितळेला आंबट लागू देऊ नये, कळकतं, पोटात गेलं तर बाधतं — हे तिनं मला किती वेळा सांगितलं असेल!

त्या वर्षी मी सव्वीस वर्षांची होते. साखरपुडा झाला होता, ईस्टरनंतर लग्न ठरलेलं. मोठ्या मावशीचं ऑपरेशन म्हणून आई अमरावतीला गेली आणि जाताना रसाचं काम मला सोपवून गेली. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, मोठं प्रभुभोजन असतं. त्या वर्षी तीन मंडळ्या एकत्र येणार होत्या. इनॅमलचं पातेलं पुरणार नव्हतं. मी माळ्यावरून पितळेचा गंज काढला — मोठ्या पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात. आत बघितलं. कल्हई गेलेली होती. तळाशी आणि बाजूंना पिवळं पितळ उघडं पडलं होतं. मी बघितलं, हे लक्षात ठेवा. मनात म्हटलं, उकळायपुरतं तर आहे, लगेच काढून घेऊ.

बुधवारी दुपारी रस उकळला, गाळून परत त्याच गंजात ओतला, झाकण ठेवलं. तेवढ्यात माझा होणारा नवरा आला, लग्नाच्या साड्या बघायला जायचं होतं. गेले. आल्यावर विसरले. गुरुवारी सकाळी आठवलं, पण गायनाच्या सरावाला उशीर झाला होता. दुपारी चारला झाकण उघडलं.

कडेला हिरवट रेघ आली होती. चमचाभर तोंडात घेतला आणि मोरीत थुंकला. जीभ आखडून गेली. कळकला होता.

आता बघा. उपासना सहाला होती. बाजारातून मनुका आणून नवा रस करायला दोन तास पुरले असते. अगदीच नसता झाला, तर बाबांना सांगून नुसत्या पाण्यात... काहीतरी मार्ग निघाला असता. वेळ नव्हता, असं मी पुढे इतकी वर्षं स्वतःला सांगितलं. वेळ होता. पण मला केस धुवायचे होते. नवी साडी नेसायची होती. होणाऱ्या सासूबाई पहिल्या बाकावर बसणार होत्या आणि मी एकटीनं गाणार होते.

मी रसात साखर घातली. बरीच घातली. पुन्हा चाखला, आता कसट चव गोडाखाली दबली होती. मग तो स्टीलच्या स्वच्छ डब्यात ओतला आणि सारामावशीच्या हातात नेऊन दिला. तिनं डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. मला म्हणाली, "केस ओले हायेत वं सुलू, पंख्याखाली बसजो."

ट्रे माझ्यापर्यंत आला तेव्हा मी प्याला नुसता ओठाला लावला. प्यायले नाही. हेही कुणाला माहीत नाही.

शेवटचं गीत चालू असताना पहिली बाई उठून बाहेर धावली. मग दोघं. मग रांगच लागली. आवारात, पायऱ्यांवर, निंबाच्या बुंध्याशी माणसं ओकत होती. लेकरं रडत होती. म्हातारे एक गुरुजी होते, त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं, दोन दिवस सलाइन लागली. माझ्या सासूबाई पायरीवर बसून तोंडाला पदर लावून कण्हत होत्या. सारामावशी बादल्या भरभरून पाणी देत होती, आणि मधेच स्वतःही भिंतीला धरून वाकत होती. तिनं तर सगळ्यांच्या शेवटी, तळातला घेतला होता.

कुणी मेलं नाही. हे मी स्वतःला शेकडो वेळा सांगितलंय. कुणी मेलं का? नाही ना? मग?

शनिवारी कमिटी बसली. बाबा खाली मान घालून बसले होते — पाळकाच्या घरचा रस होता. विचारणारे होते माझे होणारे सासरे, कमिटीतले जुने वडील — मंडळीचा कारभार बघणाऱ्यांना आम्ही वडील म्हणतो. त्यांनी मला बोलावलं. प्रेमानंच विचारलं, "बेटा, रस कोणत्या भांड्यात दिला होता?"

मी म्हणाले, "स्टीलच्या डब्यात."

खोटं आहे का यात काही? एक अक्षर खोटं नाही. दिला स्टीलच्या डब्यातच होता. केला कशात, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नंतर मी शाळेत मुलींना शिकवायचे, अर्धं खरं सांगणं म्हणजे पूर्ण खोटं बोलणं. शिकवताना मला ओशाळल्यासारखंही व्हायचं नाही.

मग सारामावशीला बोलावलं. प्याल्यांच्या कपाटात फिनाइलची बाटली सापडली होती. खालच्या कप्प्यात, झाकण लावलेली, पण सापडली होती. प्याले नीट धुतले होते का, विचारलं. ती म्हणाली, "धुतले जी. दोन पाण्यानं धुतले." आदल्या दिवशी फरशी फिनाइलनं पुसली होती का? "हो जी, पुसली." ते हात धुतले होते का? "धुतले जी." बादली तीच होती का? ती आपल्या हातांकडे बघायला लागली. पुन्हा विचारलं. तिनं आठवून बघितलं, मला तिच्या कपाळावर ते आठवणं दिसत होतं. मग म्हणाली, "बादली... दुसरीच होती, मले वाटते." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "मले आता काही समजून नाही राहिलं, साहेब."

मी भिंतीशी उभी होते. दहा पावलांवर. एक वाक्य बोलायचं होतं. किती लांब असतं हो एक वाक्य?

माझं लग्न मोडेल, ही भीती होती. बाबांची बदली होईल, ही भीती होती. खरं सांगू? बाबांचं मी नंतर जोडलं. त्या घटकेला फक्त लग्नच होतं डोळ्यांपुढे, आणि पायरीवर बसून ओकणाऱ्या सासूबाई.

आमच्या मंडळीत तेव्हा जुनी शिस्त होती. ज्याच्याकडून मोठा अपराध घडला, त्यानं मंडळीपुढे उभं राहून क्षमा मागायची, आणि ठरावीक काळ प्रभुभोजन घ्यायचं नाही. ईस्टरनंतरच्या रविवारी सारामावशी पुढे उभी राहिली. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर. "माह्या हातानं चूक झाली. मंडळीनं मले माफ करावं," एवढंच म्हणाली. मंडळीनं माफ केलं. सहा महिने मेज बंद. मी दुसऱ्या बाकावर बसले होते, त्याच आठवड्यात माझं लग्न होतं, हातावर मेंदी काढायची की नाही यावर घरात चर्चा चालू होती.

आणि गंज? गंजाला मी कल्हई लावून आणली. कमिटी बसली त्यानंतरच्या सोमवारीच, भर दुपारी, चौकात बसणाऱ्या कल्हईवाल्याकडे. आई अमरावतीहून यायच्या आत. त्यानं नवसागर टाकला, कथील फिरवलं, फडक्यानं पुसलं, आणि गंज आतून चांदीसारखा झाला. मी तो परत माळ्यावर ठेवला. आजही आहे.

पण मी अजून मुद्द्यावर आलेले नाही. तुम्हाला वाटत असेल, हीच ती कबुली. नाही. आतापर्यंतचं भेकडपण होतं. भेकडपण मला एक वेळ सांगता येतं.

सहा महिने झाले. बाबा स्वतः तिच्या खोलीशी गेले, म्हणाले, सारा, आता मेजाशी ये. ती आली नाही. पहिल्या रविवारी शेवटच्या बाकावर बसली, ट्रे आला तेव्हा मान हलवली आणि पुढे सरकवला. पुढच्या महिन्यात तेच. तोवर मेजाचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं होतं, आणि कामापाठोपाठ खोलीही गेली. तिचा भाऊ खापरखेड्याला वीजकेंद्रात कामाला होता, त्याच्याकडे ती राहायला गेली. वसाहतीतल्या घरांतून पोळ्या करायची. पण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बस धरून नागपूरला यायची. खांद्यावर पदराला तिथल्या धुराड्यांच्या राखेचे बारीक कण असायचे. शेवटच्या बाकावर बसायची, आणि ट्रे पुढे सरकवायची.

एकदा मी विचारलं. विचारायची हिंमत बघा माझी! "मावशी, काहून घेत नाही?" मी मुद्दाम तिच्या बोलीत विचारलं, लाडानं. ती म्हणाली, "माह्या हातानं प्रभूच्या मेजावर जहर गेलं वं बाई. प्रभूनं माफ केलं असन. पर माह्या हातालेच धीर होत नाही."

तेव्हा मला कळलं. तिनं दुसऱ्याचा आळ सोसला नव्हता. तिला तो आळ खरा वाटत होता. त्या तीन प्रश्नांत तिचं स्वतःचं आठवणंच तिच्या हातून सुटलं होतं, आणि ते तिला परत देऊ शकेल असं माणूस पृथ्वीवर एकच होतं. मी म्हणाले, "असं नको करू मावशी, देव दयाळू आहे." आणि तिला चहा दिला.

पुढे मी मंडळीत वडीलकीच्या जागेवर आले. प्रभुभोजनाचा ट्रे बाकांपर्यंत नेण्याचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे बघा, इतकी वर्षं मीच तो ट्रे तिच्यापर्यंत नेत होते, आणि ती दर महिन्याला माझ्याचकडे बघून मान हलवत होती.

कसं जगता आलं, विचाराल. सोपं होतं. आमच्या श्रद्धेचा गाभाच असा आहे की ज्याचा काहीच दोष नव्हता त्यानं आपला दोष अंगावर घेतला, रक्त सांडलं, आणि आपली सुटका झाली. मी हे बालपणापासून मानत आले, आजही मानते. पण मी ते कसं वापरलं? वधस्तंभावर सगळं फिटलं आहे, मग आता उकरून काय करायचं, असं. दुसऱ्याच्या जखमेवर मी आरामात पाय पसरून बसले. आणि दर उत्तम शुक्रवारी उभी राहून सांगत आले — निर्दोष माणसावर आपण आपलं ओझं टाकतो आणि तो निमूट वाहतो. असंच म्हणायचे मी, अगदी याच शब्दांत. त्या दिवशीही बस धरून आलेली सारामावशी शेवटच्या बाकावर डोळे पुसत असायची. उपासना संपली की माझा हात धरायची, म्हणायची, "तुमचं ऐकलं का मन हलकं होते न, सुलूबाई." मला ती सुलू म्हणायची, ती कधी सुलूबाई म्हणायला लागली, माझ्या ध्यानातही आलं नाही.

आता येते. आता वळणं उरलेली नाहीत.

यंदा फेब्रुवारीत ती अंथरुणाला खिळली. भाऊ केव्हाच गेला होता, भावाची मुलगी पुष्पा तिचं करत होती. पुष्पाचा पाळकांना फोन आला, आत्याला प्रभुभोजन घ्यायचं आहे म्हणते. एकतीस वर्षांनी. आजाऱ्यांच्या घरी प्रभुभोजन न्यायचं तर पाळकांबरोबर मंडळीतलं एक वडील माणूस लागतं. आमचे पाळक तरुण आहेत, तीन वर्षांपूर्वी आलेले, त्यांना जुनं काही ठाऊक नाही. त्यांनी मला विचारलं आणि मी हो म्हणाले.

सकाळी अकराला पोचलो. वसाहतीतलं घर, खिडकीतून वीजकेंद्राची धुराडी दिसतात. सारामावशी पलंगावर एवढीशी झाली होती. पुष्पानं स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला, पाळकांनी लहान पेटी उघडून भाकर आणि प्याला ठेवला. सारामावशीनं हात वर केला, थांबा म्हणून.

"साहेब, आदी मले सुलूबाईची माफी मांगाची हाये," ती म्हणाली. धाप लागत होती, मधेमधे थांबत होती. "पाद्रीसाहेब गेले, बाईसाहेब गेल्या. त्या घरातल्या आता ह्याच उरल्या. माह्या पायी त्यायच्या घराचं नाव खराब झालं, लग्नघर होतं तेव्हा. मंडळीची मांगली, प्रभूची मांगली, पर ह्यायची नाही मांगली. थे राहून गेली." मग तिनं दोन्ही हात जोडले. पंजे जुळेनात, बोटं वाकडी झाली होती. "मले माफ करजा, सुलूबाई."

खोलीत आम्ही चौघं. पंखा फिरत होता. पुष्पा पदर तोंडाशी धरून उभी. पाळकांचे डोळे भरून आलेले, ते माझ्याकडे बघत होते. दिवसाढवळ्या, भर उजेडात, मला सगळं सांगता येण्याजोगं होतं. माझं लग्न मोडणार नव्हतं, नवरा जाऊन सहा वर्षं झालीत. बाबांची बदली होणार नव्हती. घाबरावं असं काहीएक उरलं नव्हतं.

मी म्हणाले, "मी तुला क्षमा केली आहे, मावशी."

हीच ती कबुली. मी तिला क्षमा केली.

आणि तेवढ्यावर थांबले का? नाही. पुढे झाले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. सुंदर केली. शब्द आपोआप येत होते, आवाज कुठे उचलायचा, कुठे खाली आणायचा, सगळं जमत होतं. मधे एका क्षणी मला स्वतःलाच भरून आलं. ते खरे अश्रू होते. याहून किळसवाणं मी स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही.

मग तिनं भाकर घेतली. प्याला पुष्पानं ओठांशी धरला. एकतीस वर्षांनी सारामावशीनं द्राक्षरस घेतला. डोळे मिटले, तशीच राहिली, लहानपणी दाराच्या फटीतून मी बघायचे तशी. मग डोळे उघडून माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "गोड हाये वं, सुलू."

चार दिवसांनी ती गेली.

मनात मी एक खटला चालवून पाहिला. ती शांतपणे गेली ना? तिला जे हवं होतं ते मिळालं ना? खरं सांगून त्या बाईला शेवटच्या घटकेला कशाला हलवायचं? बचावाचा वकील हुशार होता, तो मीच होते. पण एक प्रश्न राहतोच. मी नुसतं एवढं म्हणाले असते की मावशी, तुझे हात स्वच्छ होते, रस माझ्याकडे कळकला — तर ती हलली असती की हलकी झाली असती? तिला माफी मिळाली ती तिनं न केलेल्या गोष्टीची. आणि तिचे हात स्वच्छ होते, हे तिला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही.

मातीच्या वेळी पाळकांनी हे सगळं मंडळीला सांगितलं. माझं नाव घेऊन. क्षमा म्हणजे काय ते आम्ही त्या खोलीत बघितलं, असं म्हणाले. बायका रडल्या. पुष्पा माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं, जवळ घेतलं.

वधस्तंभाखालच्या शिपायांचा मी अलीकडे फार विचार करते. त्यांच्यासाठी तो रदबदली करू शकला, कारण त्यांना कळत नव्हतं. मला कळत होतं. चमचा तोंडात घालून, थुंकून, मग मी साखर घातली होती. त्याची क्षमा माझ्यासारख्यांनाही आहे, असं मी मुलींना शिकवलं, आणि असेलही, नाही म्हणणारी मी कोण? पण त्या क्षमेच्या आड लपून मी एका बाईला एकतीस वर्षं तिच्याच मेजापासून लांब बसवलं. ते मी केलं, दुसऱ्या कुणी नाही.

काल गुरुवारचं प्रभुभोजन झालं. मी ट्रे दुसऱ्या बाईंकडे दिला आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसले. ट्रे माझ्यापर्यंत आला, मी पुढे सरकवला. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "तब्येत बरी नाही का, सुलभाबाई?" मी मान हलवली, बरी नाही म्हणून. म्हणजे अजूनही खोटंच.

आज शुक्रवार. यादी छापून आली आहे, पहिल्या शब्दापुढे माझं नाव आहे. पुष्पाला मी बोलावलंय. पुढच्या बाकावर बस म्हणून सांगितलंय, मागे नको. गंज माळ्यावरून काढून पिशवीत घातला आहे, जड आहे, रिक्षानं नेईन. बारा वाजता उभी राहीन आणि सांगेन की रस यात केला होता, आत कल्हई नव्हती, आणि मला माहीत होतं. सारामावशीनं प्याले दोन पाण्यानं धुतले होते.

क्षमा मागणार नाही. जिच्याकडे मागायची होती तिनं हात जोडून माझ्याकडे मागितली, आणि मी ती दिली.